रानाच्या धन्याला नोटीस

परवानगीच्या अर्जात भाग 'क' नसता, तर निकासियो तेसुकूनच्या अकरा वर्षांच्या नोकरीवर गदा आली नसती. पण तो होता. नाकताश उद्यानातल्या पडक्या मंदिरांपाशी धूप जाळायचा तर हल्ली अर्ज भरावा लागे, आणि भाग 'क' विचारी : जागेच्या मालकाची संमती घेतली का? मालकाचं नाव? पत्ता? कुठल्यातरी कारकुनानं हा रकाना समारंभाच्या हॉलच्या अर्जावरून जसाच्या तसा उचललेला असणार. अशा लोकांना रान एकदा दाखवूनच आणलं पाहिजे.

निकासियो उद्यानाचा रखवालदार. अर्ज त्यानं आईसाठी भरला. गाव जिला मानानं दोन्या म्हणे त्या फेलिसिताला लिहिता येत नव्हतं, आणि पेरणीआधी धूप जाळून रानाला मक्याची आंबील दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्यानं विचारलं, तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. मालकाचं नाव : रानाचा धनी. पत्ता : सगळीकडे. संमती : दिली. कशी दिली : घुबड ओरडलं नाही. खाली सही ठोकली आणि तो विसरूनही गेला.

तीन आठवड्यांनी राजधानीहून लिसेन्सियादो ओबिदियो सामायोआ आले. कायदा शिकलेले म्हणून लिसेन्सियादो, इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. फाइलमध्ये नोटीस होती : श्री. धनी यांनी संपूर्ण उद्यानावर विनापरवाना ताबा मिळवला असून त्यांनी तीस दिवसांत जागा मोकळी करावी.

"नोटीस हातात द्यायची, नाहीतर राहत्या घराला चिकटवायची," साहेब म्हणाले. "आज पाचच्या आत. इसम सापडला नाही, तर तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिलंत असं होतं. मग गणवेश उतरवायचा आणि घरी जायचं."

"इथंच उतरवायचा?"

"कचेरीत हो. मी काय रानटी आहे का?"

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला या आडरानात दुसरं कोण काम देणार? निकासियोनं आईला बोलावून घेतलं. धन्याचा ठावठिकाणा तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता.

दोन्या फेलिसिता टोपली डोक्यावर घेऊन आली. साहेबांना तिनं खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हा कोण रे?"

"धन्याला भेटायला आलेत, आई. सरकारकडून."

"बरं झालं. इतकी वर्षं एकालाही सुचलं नव्हतं."

ती पुढं, मधे साहेब, मागं निकासियो, असे ते तासभर चालले. साहेबांच्या पँटमध्ये मुंग्या शिरल्या. एका माकडानं त्यांच्या डोक्यावर अर्धवट खाल्लेलं फळ टाकलं. "हे मुद्दाम केलं का?" त्यांनी विचारलं. निकासियोनं प्रामाणिकपणे सांगितलं की हो.

शेवटी एका अवाढव्य सावरीखाली म्हातारी थांबली. "हेच घर," ती म्हणाली.

"दार कुठाय?"

"तुम्ही त्यातच उभे आहात, साहेबा. जरा बाजूला व्हा, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते."

साहेब खरंच बाजूला झाले. मग त्यांनी खिशातून डिंकाची बाटली काढली, नोटिशीच्या पाठीला डिंक फासला आणि हात खोडाकडे नेला. आता दोन बोटांचं अंतर, की निकासियोची नोकरी वाचली. पण अकरा वर्षांची सवय त्याच्या आधी बोलली.

"साहेब, नियम सात. झाडाला काही चिकटवायचं नाही."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. साहेबही.

"अहो, तुमच्याच भल्यासाठी चिकटवतोय."

"ते कळतं मला. पण नियम सात आहे."

साहेब शेजारच्या पडक्या मंदिराच्या भिंतीकडे वळले. नियम चार, दगडाला हात लावायचा नाही. जमिनीवर ठेवू म्हणाले. नियम नऊ, कागद टाकायचा नाही. आपल्याच मुळावर आपण घाव घालतोय हे निकासियोला स्वच्छ दिसत होतं, आणि तोंड काही थांबत नव्हतं. तोवर नोटीस साहेबांच्याच बोटांना घट्ट चिकटली होती.

"मग वाचून दाखवतो," ते वैतागून म्हणाले. "वाचनही कायद्याला चालतं."

"हळू वाचा. नियम अकरा, आवाज चढवायचा नाही."

तेव्हा लिसेन्सियादो ओबिदियो सामायोआंनी सावरीच्या खोडाशी तोंड नेऊन पूर्ण नोटीस कुजबुजत वाचली, कलमांसकट. शेवटी त्यांनी विचारलं, "कोणाची काही हरकत?"

वरच्या फांद्यांतून सारावात्यांचा कळप एकदम गर्जायला लागला. अंगात मांजराएवढा जीव आणि आवाज वाघाचा, अशी ही माकडं. पाव तास ती थांबली नाहीत. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. गर्जना संपल्यावर त्यांनी चिकटलेल्या कागदावरच कसंबसं लिहिलं : हरकत घेण्यात आली. जोरदार. भाषा समजली नाही.

"म्हणजे आता सुनावणी लागणार," ते म्हणाले, आणि त्यांच्या जिवात जीव आला, कारण सुनावणी त्यांना चांगली समजत होती. "तोपर्यंत जैसे थे. पण हरकतदाराला त्याच्या भाषेत ऐकायचं, तर दुभाष्या लागेल. धनी बोलतो कुठली भाषा?"

"आमची. इत्सा," म्हातारी म्हणाली.

"झालं तर. तेसुकून हे आडनाव म्हणजे इत्साच की. तुमचं नाव घालतो. दुभाष्याला नोकरीवरून काढता येत नाही. येते ना भाषा?"

हो म्हटलं की सुटला असता. निकासियोनं मान खाली घातली.

"नाही येत, साहेब."

येणार कुठून? लहानपणी ती भाषा बोलली म्हणून शाळेत फेलिसिताच्या हातावर वळ उठायचे. मुलगा झाला त्या दिवशीच तिनं ठरवलं, ह्याच्या हातावर नाही उठू द्यायचे. त्याच्याशी ती कधीच इत्सात बोलली नाही. देवाशी, कोंबड्यांशी बोलायची, त्याच्याशी नाही. त्याला ते लागायचं, पण त्यानं कधी विचारलं नव्हतं.

साहेबांनी पेन बंद केलं. "मग माझा नाइलाज आहे."

"येते त्याला," म्हातारी म्हणाली. ती मुलासमोर येऊन उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून एक छोटंसं वाक्य बोलली. हळू, एकेक तुकडा पाडून.

निकासियोनं ते म्हटलं. अडखळला, पण म्हटलं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी लिहिलं : दुभाष्याची परीक्षा घेतली. उत्तीर्ण. मग ते कागद बोटांवरून सोडवत, वाट विचारत निघून गेले.

साहेब दिसेनासे झाल्यावर निकासियो आईकडे वळला.

"काय म्हणालो मी, आई?"

"मला भूक लागलीय, म्हणालास. पोरं पहिलं तेच शिकतात."

पन्नाशीचा निकासियो सावरीच्या मुळावर बसला. त्यानं ओठ एकदा मिटले, उघडले, आणि कोणी न सांगता ते वाक्य परत म्हटलं.