पडवीतली दुसरी चूल

दोघांचेही हप्ते थांबले आणि आमच्या बाबांचं डोकं चालायला लागलं. बाबांचं डोकं चाललं की आईची कंबर मोडते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

बाबांच्या नावावर कुडपणची जमीन, आईच्या नावावर उमरठला तिच्या माहेरचा वाटा. दोघांनाही शेतकरी म्हणून सरकारी हप्ता यायचा. आता निरोप आला होता, एका कुटुंबात एकालाच मिळेल, कृषी सहायक घरी येऊन चौकशी करणार. आईच्याच नावावर काट मारणार या धास्तीने मी महाडहून सुट्टी टाकून आले.

बघते तर पडवीत ओल्या मातीची नवी चूल आणि तिच्यापुढे डोळे चोळत बसलेली आई.

"हे काय आता?"

"तुझ्या बापाला इचार."

बाबा भलतेच खुशीत होते. "तुझ्या दत्तारामकाकाची न् माझी चूल येगळी झाली, तवा गावानं दोन घरं मानली का नाय? आता तुझ्या आयशीची चूल येगळी. दोन चुली, दोन कुटुंबं. कोण काय बोलतो बघूच."

मी कपाळावर हात मारून घेतला. शेजारची सोनाबाई येता-जाता आईला विचारत होती, "बनू, सवत आणली काय गो?" आई हसायची, पण तिचं कशात लक्ष नव्हतं. घासलेलं भांडं पुन्हा घासायची, उठून वाटेकडे बघायची. मलाही एका जागी बसवेना.

दुपारी कृषी सहायक निशा मॅडम आल्या. बाबांनी त्यांना आधी पडवीच दाखवली. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"रामजीकाका, चार चुली मांडल्या तरी नवरा-बायको एकच कुटुंब. एक नाव ठेवायचं, एक काढायचं. कुणाचं ठेवू?"

"माझंच की. तिचं काढा."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "माझं काढायचं नाय."

"अगो, पैसं घरातच येणार. तुझं काय न् माझं काय?"

"मग पैसं तुमीच घ्या. नाव ऱ्हाऊ द्या. भावांनी हक्कसोडीवर सही मागितली, मी दिली नाय, म्हणून माहेर तुटलं. आई गेली तवा मला कुणी कळवलं पण नाय. त्या जमिनीत मी मरमर राबते, तरी उमरठात सगळे म्हणत्यात, रामजीचं शेत. मी शेतकरी हाय असं सरकार तेवढं म्हणतं. दुसरं कोण म्हणतं?"

बाबा खाली बसले. आता उठून चालते होतील, असं मला वाटलं.

"तिचं ठेवा," बाबा शेवटी पुटपुटले.

"तिचं म्हणजे? नाव सांगा, काका. मला तुमच्या तोंडून ऐकायला हवं."

आमच्याकडे जुने पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत. बाबांनी आईला आयुष्यभर 'अगो' नाहीतर 'श्रुतिकाची आई' अशीच हाक मारली. त्यांनी घसा खाकरला, माझ्याकडे बघितलं, मग भुईकडे.

"बनुबाई," ते म्हणाले. "बनुबाई शेतकरी हाय."

आई रडायला लागली, आणि मीही.