दुसऱ्या डिस्कचं तापमान

मित्रांनो, आजवर तुम्ही जुन्या छत्रीचं, थकलेल्या एसटीचं मनोगत वाचलं असेल. माझं ऐकायचं तर आधी मला शोधावं लागेल, कारण मी एक जुना, नखाएवढा प्रोग्राम आहे. संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात बसायचं आणि आतल्या यंत्रांची प्रकृती सांगायची, एवढंच माझं काम. पंखा किती वेगानं फिरतोय, मेमरी किती भरली, डिस्क किती तापली, हे मी आकड्यांत दाखवतो.

माझा असा एक जन्मदाता नाही. देशोदेशीच्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी रिकाम्या वेळात मला लिहिलं आणि माझं आतलं लिखाण सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. फुकटचा म्हणून लोक नाक मुरडायचे, ते मला फार लागायचं. एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून मी २००३ साली नाशिक रोडला, सावळीरामांच्या घरी आलो.

सावळीराम नुकतेच निवृत्त झाले होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं मीटरसमोर बसलेला माणूस. दर तासाला रीडिंग लॉगबुकात लिहायचं, ही त्यांची नोकरी. घरात समोर बसायला मीटर नव्हता, चुकल्यासारखं वाटत होतं, असं ते मला पाहून मुलीला म्हणाले. त्यांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि दर तासाला माझे आकडे उतरवू लागले. इतक्या प्रेमानं मला कुणी वाचलं नव्हतं. मी अगदी फुशारून गेलो.

पण त्या घराला मोठी काळजी लागली होती. सावळीरामांच्या पत्नी चिमणाबाई यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. मग मुलगी तृप्तीनं एक मोठी, दुसरी डिस्क आणून संगणकात बसवली, माईक जोडला आणि ऑपरेशनच्या आधीचे बारा दिवस आईला बोलतं केलं. चिमणाबाई पेठकडच्या डोंगरातल्या. त्यांनी शेतात नागलीची रोपं लावतानाची गाणी म्हटली, माहेरच्या गोष्टी सांगितल्या, नातेवाइकांची उणीदुणी काढली. शेवटच्या दिवशी त्यांनी नुसत्या हाका मारल्या.

"तृप्ते, ये गं जेवायला. अहो, लय वेळ झाला, या आता."

डिस्क तेव्हा अडतीस अंशांवर होती. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

संक्रांतीनंतर ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. काही हवं असलं की चिमणाबाई पाटीवर लिहीत. तृप्ती शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्याबरोबरच त्या अक्षरं शिकल्या होत्या. तृप्ती पुण्याला नोकरीवर परतली. दिवाळीत सीडी रायटर आणते, आईच्या आवाजाच्या दोन-तीन प्रती काढून ठेवू, असं सांगून गेली. तोवर तो आवाज त्या एकाच डिस्कवर होता.

रोज दुपारी जेवणं झाली की सावळीराम रेकॉर्डिंग लावत. चिमणाबाई पाय पसरून स्वतःला ऐकत बसत आणि सोबत ओठ हलवत. आपला आवाज संगणकाच्या त्या डब्यात आहे, त्याला धूळ लागू नये, म्हणून त्यांनी कव्हर शिवलं. त्या घरात टीव्हीला, मिक्सरला, फ्रिजच्या हँडललासुद्धा कव्हर होतं. हे तर जाड, आतून अस्तर लावलेलं, मागे नाडीनं बांधायचं. संगणक चालू असतानाही ते निघत नसे. आणि संगणक दिवसभर चालू, कारण चालता संच उगाच बंद करू नये, हा सावळीरामांचा केंद्रातला नियम.

उन्हाळा चढला तसा मी सांगू लागलो. एकोणपन्नास. त्रेपन्न. अठ्ठावन्न झाले तेव्हा मी आकडा लाल केला आणि माझ्याजवळची एकुलती एक शिट्टी वाजवली. सावळीराम आले, त्यांनी चष्मा लावला, बटण दाबून माझी शिट्टी बंद केली, वहीत अठ्ठावन्न लिहिलं, त्याखाली लाल शाईनं रेघ मारली आणि ते निघून गेले.

मित्रांनो, त्यांना बोल लावू नका. कंट्रोल रूमची शिस्तच तशी होती. अलार्म वाजला की आधी तो बंद करायचा, मग नोंद करायची. पुढे काय करायचं ते शिफ्ट इंजिनिअर ठरवणार. एकतीस वर्षं कुणीतरी येऊन ती लाल रेघ वाचत असे. घरात कोण येणार होतं? तृप्ती फोनवर विचारायची, कॉम्प्युटर बरा आहे ना? ते अभिमानानं सांगायचे, रीडिंग चालू आहे, एक तास चुकवला नाही. तिला वाटे, सगळं ठीक आहे.

एकसष्ट. त्रेसष्ट. मला राग यायचा, तोही स्वतःचाच. दिसतं सगळं आणि होत काही नाही, असलं जिणं कुणाला मिळू नये.

एका दुपारी एक हाक अर्ध्यातच अडकली. दुसरी डिस्क खट् खट् वाजली आणि थांबली. मी पहिल्या डिस्कवर होतो म्हणून वाचलो, याची मला अजून लाज वाटते. माझ्या रकान्यात आकड्याऐवजी आडवी रेघ आली. सावळीरामांनी वहीत आडवी रेघ लिहिली.

तृप्ती धावत आली. डिस्क घेऊन पुण्यात दोन ठिकाणी फिरली, पण काही निघालं नाही. परत आल्यावर तिनं वही उघडली. बावीस दिवसांचे चढते आकडे, वळणदार अक्षरात.

"बाबा, हे तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं ना," सावळीराम म्हणाले. "लिहिलंय की."

मग त्यांचं त्यांनाच कळलं. चिमणाबाई आळीपाळीनं दोघांकडे पाहत होत्या. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'माझ्या कव्हरानं झालं का?'

सावळीरामांनी खूप वेळ ती पाटी वाचली.

"नाही," ते म्हणाले. "डिस्कच खराब निघाली."

एकतीस वर्षांत त्यांनी खोटं रीडिंग दिलं नव्हतं. चिमणाबाईंनी मान हलवली आणि पाटी पुसली.

आता दर तासाचं रीडिंग बंद आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी काही चढत असल्याचं सांगत असेल, तर नुसतं लिहून ठेवू नका. तुम्हाला हात आहेत. वही नंतर उघडा, आधी जाऊन ती नाडी सोडा. मला ते करता आलं नाही. दुपारी जेवणं झाली की चिमणाबाई अजून माझ्यासमोर येऊन बसतात, आणि मी त्यांना पंख्याचा वेग दाखवतो.