खिंडीपाशी उडी मारणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना उंचीमापक आहे. सध्या माझा मुक्काम कोचाबांबा शहरात, कप्तान फेर्मीन उरेय यांच्या घराच्या मागच्या खोलीत आहे. विमान चालवणाऱ्याला आपण किती फूट उंचीवर आहोत हे सांगणारं घड्याळ म्हणजे मी. तोंड गोल, काटे पांढरे, काचेवर एका बाजूला जरासे चरे पडलेले. दिसायला मी काही फार देखणा नाही. पण एके काळी माझ्या शब्दावर माणसं डोंगर ओलांडत असत, आणि हे आल्यागेल्याला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक बंद डबी बसवली होती. विमान वर गेलं की हवा विरळ होते, तिचा दाब कमी होतो, मग डबी फुगते आणि काटा पुढे सरकतो. विमान खाली आलं की डबी दबते आणि काटा मागे येतो. एवढीच माझी विद्या, पण ती पोटातून आलेली होती. हवेचा दाब मात्र गावोगावी वेगळा असतो, रोज वेगळा असतो. म्हणून माझ्या हनुवटीखाली एक कळ होती. रेडिओवरून गावाचा दाब विचारायचा, कळ फिरवून तो मला सांगायचा, की मी खरं बोलायला मोकळा.

मला बसवलं ते एका मांसाच्या विमानात. डोंगराखालच्या बेनी प्रांतातल्या कुरणांत गुरं भरपूर होती, रस्ते मात्र धड नव्हते. त्यामुळे मांस विमानानेच डोंगरापलीकडच्या शहरांत येई. परत जाताना आम्ही मीठ, साखर, बिअरचे खोके आणि कधी कधी पोत्यावर बसलेली एखादी शाळामास्तरीण नेत असू. विमानाला बाराही महिने रक्ताचा वास येई. तरुण फेर्मीन त्या वासातच शीळ वाजवत बसायचा.

कोचाबांब्याच्या हँगरमध्ये रेडिओवर झेनोबिया असायची. पुढे ती फेर्मीनची बायको झाली, पण त्याआधी कितीतरी दिवस ती माझी हवा होती. "फेर्मीन, आजचा दाब लिहून घे, आणि शीळ बंद कर, माझे कान दुखतात," असं ती सांगायची आणि तो हसत माझी कळ फिरवायचा. वाटेतल्या डोंगरखिंडीच्या तोंडाशी पोचलं की डोंगर मध्ये येई आणि तिचा आवाज तुटे. थोड्या वेळाने पलीकडच्या सान बोर्हा गावच्या रेडिओवाल्याचा घोगरा आवाज सुरू होई. मधल्या त्या शांततेत फेर्मीन बोटाच्या पेराने माझ्या काचेवर दोनदा टकटक करायचा. काटा अडकला तर नाही ना, हे पाहायची मांसाच्या विमानातल्या सगळ्याच वैमानिकांची ती पद्धत होती. मला ती शाबासकी वाटायची.

मग रस्ते झाले, विमानं थकली. आमचं विमान धावपट्टीच्या कडेला गवतात उभं राहिलं. एका कोंबडीने कप्तानाच्या खुर्चीवर अंडी घातली आणि मोठ्या ऐटीत उबवली. पिल्लं गोड होती हे मान्य, पण त्यांना उंचीशी काही देणंघेणं नव्हतं. ते दिवस मला फार जड गेले.

तिथून मला सोडवलं ग्वाल्बेर्तोने. तो आमच्या विमानाचा मिस्त्री, फेर्मीनचा जिवलग दोस्त आणि अतिशय बडबड्या. फेर्मीनच्या लेकीने सांताक्रूझहून विमान उडवण्याचा खेळ असलेला एक चांगला संगणक पाठवला होता. त्याच्यासाठी या दोघा म्हाताऱ्यांनी मागच्या खोलीत प्लायवूड ठोकून विमानाची पुढची खोलीच उभी केली. खुर्ची खरी, दांडा खरा, समोर पडद्यावर डोंगर. ग्वाल्बेर्तोने माझ्या पोटातली डबी काढली आणि तिथे बोटभर मोटर बसवली, कळही संगणकाला जोडली.

"घरात बसून हवा विरळ कशी होणार गड्या?" तो मला म्हणाला. "आता संगणक सांगेल तेवढं बोलायचं."

डबी गेल्याचं मला वाईट वाटलं, मित्रांनो. तेव्हापासून माझं बोलणं ऐकीव झालं. पण फेर्मीनने पहिल्याच दिवशी काचेवर टकटक केली आणि माझी तक्रार तिथेच संपली.

दर रविवारी सकाळी जुने वैमानिक जमायचे. साल्तेन्या, म्हणजे आत रसदार मांस भरलेल्या करंज्या, आणायच्या, एकेकाने उडायचं, बाकीच्यांनी मागे उभं राहून नावं ठेवायची. ज्याच्या साल्तेनीतला रस विमानात सांडेल त्याने झाडू मारायचा, असा नियम होता. संगणक त्या त्या घटकेचं खरं हवामान बाहेरून आणायचा, म्हणून शहरावर ढग असले की पडद्यावरही ढग असत. याचं सगळ्यांना भारी कौतुक होतं.

फेर्मीनला मात्र आतून एक भीती खात होती. त्याचा थोरला भाऊ म्हातारपणी सगळं विसरला, शेवटी स्वतःच्या मुलांनाही ओळखेना. आपलंही तसंच होणार, असं फेर्मीनला वाटे. तो हे कुणाला बोलला नव्हता. खिंड नीट ओलांडली की दर रविवारी त्याचा श्वास कसा सुटतो, हे फक्त मला ठाऊक होतं.

कार्निवलचा मंगळवार आला. त्या दिवशी आमच्याकडे घराला, दुकानाला, गाडीला कागदी फिती बांधून दारू शिंपडतात. त्याला चाल्या म्हणतात. झेनोबियाने घराची चाल्या केली, शिवणयंत्राची केली आणि मग उत्साहाच्या भरात मागच्या खोलीत आली. सिंगानी या द्राक्षाच्या दारूचे थेंब खरं तर जमिनीवर शिंपडायचे. तिने एक ओंजळ थेट माझ्या तोंडावर मारली.

"पी बाबा," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला जपून आण."

पुढच्याच रविवारी घोटाळा झाला. फेर्मीन ढगातून खिंडीकडे निघाला होता. नुसता कापूस, पुढचं काही दिसेना. एकाएकी मी उडी मारली. पाचशे फुटांहून जास्त वर! खालच्या हवेने आपल्याला उचललं असं समजून फेर्मीनने विमानाचं नाक खाली दाबलं, आणि पडद्यावर खडकच खडक आले.

मग ग्वाल्बेर्तो म्हणाला, "वहिनी, तुमची सिंगानी चढली वाटतं काट्याला!"

सगळे खो खो हसले. झेनोबियाचा चेहरा मात्र उतरला.

"मीच ओतली रे," ती म्हणाली. "जपून आण म्हटलं, आणि बघ काय केलं मी."

पुढच्या रविवारीही तेच. तीच खिंड, तीच उडी, तोच खडक. आता कुणी हसलं नाही. ग्वाल्बेर्तोने मला फळीतून काढलं, पाठ उघडली, नाक आत घालून हुंगलं, बोट फिरवलं.

"आत ठणठणीत कोरडं आहे," तो म्हणाला. "मोटरही छान फिरते. वहिनी, तुम्ही सुटलात. याला काही झालेलं नाही."

त्याने ते चांगल्या मनाने सांगितलं. पण फेर्मीन खुर्चीत बसूनच राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "याला काही झालं नाही म्हणजे मला झालंय. ओळखीच्या खिंडीत दोनदा आपटलो मी. दादाचं असंच सुरू झालं होतं. ग्वाल्बेर्तो, पुढच्या शनिवारी ये. हे सगळं काढून टाकू. घड्याळ भंगारवाल्याला दे."

मी तेव्हा ग्वाल्बेर्तोच्या तळहातावर होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड आहे ते काट्यांचं, शब्दांचं नाही.

झेनोबियाने तो आठवडा कसा काढला कोण जाणे. शनिवारी ग्वाल्बेर्तो स्क्रू काढायला आला, तर तिने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं आणि फेर्मीनच्या शेजारी मांडलं.

"आधी मला घेऊन उड," ती म्हणाली.

"तुला? तू कधी बसली होतीस विमानात?"

"कधीच नाही. तू नेलंस कधी? मांसावर बसवतो म्हणायचास. चल, म्हाताऱ्या."

ग्वाल्बेर्तोने मला पुन्हा फळीत बसवलं. आम्ही उडालो. खिंड जवळ येताच फेर्मीनने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"विमान सरळ ठेव आणि हात सोड," झेनोबिया म्हणाली. "दोन्ही हात वर. चोराला पकडल्यासारखे."

त्याने दांडा सोडला. विमान शांतपणे सरळ जात होतं. आणि मी टुणकन उडी मारली.

"पाहिलंस?" झेनोबिया स्टुलावरून उठलीच. "हा उडाला, पण नाक जागचं हललं नाही. शेजारची सगळी घड्याळं गप्प आहेत. आता सांग, आपण कुठे आहोत?"

"खिंडीच्या तोंडाशी."

"म्हणजे जिथे माझा आवाज तुटायचा तिथे! अरे, इथपर्यंत माझ्या गावची हवा, इथून पुढे सान बोर्हाची. मी एक दाब सांगायचे, तो घोगऱ्या दुसरा सांगायचा. तुमचं हे यंत्र माझी हवा टाकून त्याची उचलतं, एका दमात. खरी हवा अशी बदलते का कुठे? ती काय जिन्याची पायरी आहे?"

ग्वाल्बेर्तोने पडद्याच्या कोपऱ्यातला दाबाचा आकडा पाहिला. त्याने विमान मागे नेऊन पुन्हा आणलं. खिंडीपाशी आकडा झटक्यात बदलला आणि त्याच क्षणी मी उडालो. "कार्निवलच्या आठवड्यात मीच यात हवामानाचा नवा प्रोग्रॅम घातला होता," तो कपाळावर हात मारून म्हणाला.

"म्हणजे..." फेर्मीन म्हणाला, "माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"एवढं मोठं काही मी म्हटलेलं नाही," झेनोबिया म्हणाली. "पण काट्याने उडी मारली त्यात तुझा दोष नाही."

फेर्मीन हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी खोली गच्च भरली. झेनोबिया कानाला रेडिओ लावून स्टुलावर बसली होती. खिंडीच्या तोंडाशी पोचताच ती म्हणाली, "फेर्मीन, आता हवा बदलेल. काट्याकडे बघू नको, हात स्थिर ठेव. आणि शीळ बंद कर." मी उडी मारली, फेर्मीन हलला नाही. मग झेनोबियाने सान बोर्हाचा दाब सांगितला, त्याने कळ फिरवली, मी ताळ्यावर आलो, आणि खिंड मागे गेली. मागच्या मंडळींनी असा जल्लोष केला की ग्वाल्बेर्तोच्या साल्तेनीतला रस थेट कप्तानाच्या पाठीवर सांडला. झाडू अर्थातच त्यानेच मारला.

ढग फाटले. खाली बेनीचं हिरवं कुरण दूरपर्यंत पसरलं होतं, मधून नदी वळणं घेत चालली होती.

"हे असं असतं होय पलीकडे?" झेनोबिया म्हणाली. "आणि तू इतकी वर्षं एकटाच बघत होतास?"

फेर्मीनने माझ्या काचेवर दोनदा टकटक केली, मग तिचा हात धरून तिच्या बोटानेही एकदा केली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं घड्याळ किंवा घरातलंच एखादं म्हातारं माणूस अचानक भलतंच काही बोललं, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. शेजारी एक स्टूल ओढा आणि त्याच्याबरोबर थोडं अंतर जा. माझं म्हणाल तर मी अजूनही दर रविवारी खिंडीपाशी उडी मारतो. कार्निवलला झेनोबिया आता माझ्या चौकटीला फक्त ओलं बोट लावते. आणि खिंडीपलीकडेही आता तिचा आवाज ऐकू येतो.