मुख्य चालक

गावातल्या अर्ध्या लोकांना बाईंनी गाडी शिकवली होती, आणि उरलेले अर्धे त्या शिकाऊंना चुकवता चुकवता चालायला शिकले होते. लोक त्यांना ब्रेकबाई म्हणत, अर्थात त्यांच्यामागे. आता ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं होतं. उरली होती ती घरची निळी गाडी. तिच्यावर बाईंचा जीव होता आणि नेमकी तीच चिरंजीवांना हवी होती.

चिरंजीव सव्वीस वर्षांचे. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली होती. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन डोळे तपासायचे, म्हणजे रोज गाडी आलीच. गाडीच्या विम्यावर मुलाचं नाव चढवायला एजंट घरी आला. तोही बाईंचाच विद्यार्थी. खुर्ची मागे सरकवण्याआधी त्याने वळून मागे पाहून घेतलं.

"रोज गाडी कोण चालवणार?"

"हा."

"आणि तुम्ही?"

"मी काय, भाजीपुरती," बाई म्हणाल्या, आणि आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

"मग मुख्य चालक तो, बाई. तुम्ही दुसऱ्या." एजंटाने आवाज खाली आणला. "पण तरण्या मुलाचं नाव पहिलं आलं की हप्ता चढतो. तुमचंच राहू द्या की. सगळे तसंच करतात."

बाईंना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पैसेही वाचणार आणि मानही राहणार. पण सिग्नल तोडला म्हणून याच एजंटाला त्यांनी एकदा भर रस्त्यात गाडीतून उतरवलं होतं. आता त्याच्यादेखत खोटं लिहायचं कुठल्या तोंडाने?

"आधी याचं चालवणं बघते," म्हणत त्यांनी वेळ मारून नेली.

एजंटाला मागे बसलं की मळमळायचं, म्हणून मागे बाई बसल्या. "आरसा," त्या म्हणाल्या. मुलाने पाहिला होता. "गिअर." तोही बदलून झाला होता. मग त्या खोट काढायला टपूनच बसल्या. वळणावर उभ्या टेम्पोआडून एक बाबागाडी रस्त्यात आली. बाईंनी ओरडायला तोंड उघडलं, तोवर गाडी अलगद थांबलीही होती. मुलाने हॉर्न वाजवला नाही. बाबागाडी ढकलणाऱ्या बापाला त्याने हातानेच 'जा' म्हटलं आणि तो पलीकडे पोचेपर्यंत थांबला.

बाईंना अभिमान वाटला. पोराला इतकं चांगलं शिकवायची काय गरज होती, असंही क्षणभर वाटून गेलं.

घरी येताच त्या म्हणाल्या, "लिही, मुख्य चालक मुलगा."

"पण हप्ता..."

"पगार मिळणार आहे ना त्याला? भरेल."

एजंट लिहू लागला. 'दुसरा चालक, आई' इथे येऊन त्याचं पेन अडलं. तो मुलाकडे वळला. "मुख्य चालकाला विचारावं लागतं. यांचं चालवणं कसं आहे?" हे विचारताना त्याने बाईंकडे बघायचं टाळलं.

उभ्या गावाला पास-नापास करणाऱ्या बाईंनी जरा भीतभीतच मुलाकडे पाहिलं.

"माझ्याहून चांगलं," तो म्हणाला. "मागे बसणं तेवढं शिकवावं लागेल."

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरले.

"शिकव मग," त्या म्हणाल्या.