भोंग्यावरचा चोर

सेबुन्याचा पहिला दगड कधी चुकला नाही. न्येंडोच्या बाजारात कुणी "मुब्बी!" म्हणून ओरडलं, की टोमॅटोच्या ढिगामागून बाया उठायच्या, गल्ल्यांतून पोरं सुटायची. मुब्बी म्हणजे चोर, आणि आमच्याकडे या एका शब्दाला पुरावा लागत नाही. पण उठलेले सगळे आधी बोडाच्या नाक्याकडे बघत. भाड्याच्या मोटारसायकली तिथं उभ्या असतात आणि सेबुन्या त्या नाक्याचा दादा. त्याचा हात वर गेला की बाकीच्यांचे जात. एरवी कोंबडी कापायलाही शेजाऱ्याला बोलावणारी माणसं ही. पण पहिला दगड दुसऱ्याचा असला की दुसरा दगड फार हलका होतो.

"आधी तोंड," तो नाक्यावरच्या नव्या पोरांना शिकवायचा. "तोंड फुटलं की चोर बोलत नाही. बोलला की तुम्ही ऐकता. ऐकलं की हात ढिला पडतो."

तो गमबूट घालायचा. डावा काळा, उजवा हिरवा. हिरवा कुणाच्या पायातून उतरला होता ते सगळ्या न्येंडोला माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नसे.

मला बुटांचं एवढं कळतं, कारण मी व्हिडिओ हॉलच्या दाराशी बसते. हॉल माझा. पत्र्याच्या भिंती, लाकडी बाकं, समोर टीव्ही. दार बुटकं आहे, वर जाड पडदा. आत येणारा वाकतो, तोंड खाली घालतो आणि मला फक्त त्याचे पाय दिसतात. तोंडानं माणूस काहीही सांगेल. चर्चच्या वडीलधाऱ्यांचे चकचकीत बूट कसल्या पिक्चरला हळूच आत येतात ते मला विचारा. विचारलंत तरी सांगणार नाही, धंदा आहे.

आमचे पिक्चर परदेशातले, भाषा कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून व्हीजे लागतो. तो पडद्याशेजारी माईक धरून बसतो आणि आपल्या लुगांडा भाषेत पिक्चर सांगतो. आमचा व्हीजे केयुने. हाडकुळा, बायकोला घाबरणारा, पण माईक हातात आला की पडद्यावर एक गोळी सुटली तर याच्या तोंडून तीन. "घे! हा तुझ्या आईसाठी! हा तुझ्या सासूसाठी!" दारावर भोंगा लावलेला, त्यामुळे मारामारी सगळ्या बाजाराला ऐकू जायची आणि गिऱ्हाईक आपोआप यायचं.

मग शाळेतल्या पोरांनी केयुनेचे डायलॉग मारत एकमेकांचे दात पाडले. वस्तीचा चेअरमन एक पडका दात रुमालात बांधून माझ्याकडे आला.

"नालोंगो, दुपारच्या खेळाला पोरांसाठी काहीतरी बरं लाव. नाहीतर मी कुलूप लावतो."

मला जुळी झाली, तेव्हापासून मी सगळ्यांची नालोंगो. चेअरमनच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईला मीच गरम पाणी आणून दिलं होतं, पण कुलूप मात्र त्याच्याकडे. मी मासाका शहरातल्या दुकानातून एक कार्टून मालिका आणली.

त्यात एक गोगलगाय होती. पाठीवरच्या शंखात तिचं घर, घराच्या खिडकीत दिवा. एक मुलगी आणि एक भित्रा बोकड तिच्यासोबत हरवलेली नदी शोधायला निघतात. डोंगर येतात, दलदल येते, दगडाचे राक्षस येतात; पण कुणी कुणाला मारत नाही. राक्षसाला झोप येत नसते, म्हणून तो चिडलेला असतो. गोगलगाय त्याला दिवा दाखवते, तो झोपतो. झालं.

"यात कुणी मरतच नाही!" केयुने कपाळाला हात लावून म्हणाला. "मी बोलू काय? गोगलगाय चालली, गोगलगाय चालली, अजून चालतेच आहे?"

पहिल्या दिवशी त्यानं नुसत्या तोंडानं जमेल तेवढी माणसं मारली. राक्षस समोर येताच ओरडला, "आता हिच्या शंखाचा चुरा करतो आणि चटणी लावून खातो!" पोरं खवळली. टोमॅटोवाल्या नकाय्येमाची चिमुरडी बाकावर उभी राहिली.

"खोटारड्या! त्याच्या डोळ्यांत पाणी आहे, दिसत नाही का तुला?"

केयुनेनं पडद्याकडे बघितलं. पाणी होतं. इतकी वर्षं तो पडद्याशेजारी बसला, पण पडदा बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

हळूहळू त्याचा आवाज उतरला. गोगलगायीसाठी त्यानं एक वेगळा आवाज काढला, आजारी पोराच्या उशाशी आजी बोलते तसला. संकट आलं की गोगलगाय दर वेळी एकच म्हणायची, "खाली बसा रे लेकरांनो, मी दिवा लावते." आणि हॉलमधली सगळी पोरं बाकावरून उतरून मातीत उकिडवी बसायची. भोंगा चालूच असायचा. बाजारात बाया टोमॅटो निवडता निवडता तो आवाज ऐकायच्या: पोरं जागेवर आहेत, धंदा करा.

एका दुपारी दाराच्या पडद्याखालून एक काळा बूट आला आणि मागोमाग एक हिरवा.

मी मान वर केली. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली.

"ऊन फार आहे, बाई," हेल्मेटच्या आतून आवाज आला.

"ढगाळ आहे, सेबुन्या."

"मग पाऊस येईल. आडोशाला बसतो."

मागच्या खांबाला टेकून तो हेल्मेट घालूनच बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. शिंप्याचं माप आणि गिऱ्हाइकाची लाज, दोन्ही दुकानाबाहेर न्यायची नसतात. एकदा मात्र आत डोकावले. गोगलगाय राक्षसाला निजवत होती. पोरं मातीत बसली होती आणि त्यांच्यामागे तो धिप्पाड माणूसही खांब सोडून उकिडवा बसला होता. हेल्मेटची काच आतून धुरकटली होती.

बाहेर मात्र त्याचा धंदा तसाच. त्याच आठवड्यात कोंबड्या चोरणाऱ्या एकाच्या हाताची बोटं त्यानं मोटारसायकलच्या चाकात घालून चाक फिरवलं. दुपारी गोगलगाय, संध्याकाळी बोटं. माझ्या मनात दोन्ही बाजूंची बेरीज काही जुळेना.

मग तो दिवस आला. त्या दिवशीच्या भागात दलदलीतला बगळा येणार हे पोरांनी आधीच ओळखलं होतं, कारण आदल्या भागाच्या शेवटी खिडकीतल्या दिव्यावर त्याची सावली पडली होती. हॉल गच्च भरला. खेळ सुरू झाला आणि मागचा खांब रिकामा. नाक्यावर कुणाशी तरी वाद चालला होता, सेबुन्या अडकला होता, हे मला नंतर कळलं.

पडद्यावर गोगलगाय झोपली होती. बगळा आला. लांब मान खिडकीत घातली आणि दिवा उचलला. पोरं बाकांच्या कडेला सरकली. आणि केयुनेच्या अंगातला जुना व्हीजे जागा झाला. तो ताडकन उठला आणि माईक तोंडात घालून गरजला:

"मुब्बी! मुब्बी! धरा त्याला! पळतोय बघा!"

भोंग्यातून तो शब्द बाजारावर कोसळला.

आणि बाजारात एक माणूस खरंच पळत होता. हेल्मेट घातलेला, काच खाली, जाकिटाच्या आत काहीतरी घट्ट धरलेलं. माझ्या हॉलच्या दिशेनं, जिवाच्या आकांतानं.

पहिला वार नकाय्येमाचा. तिनं मुसळ त्याच्या गुडघ्यावर घातलं. काडकन आवाज आला, तो मला दारापर्यंत ऐकू आला. तो पडला. जाकिटातून टिनाची नवी कोरी चिमणी घरंगळली, वातीची, रॉकेल भरलेली.

"दिवा चोरला! बघा, दिवा!" कुणीतरी ओरडलं. भोंग्यानं सांगितलं होतं आणि मुद्देमाल समोर होता. अजून काय पाहिजे?

वीट बरगडीत बसली. दुसरी हेल्मेटवर, काच फुटून आत गेली. तो काहीतरी ओरडत होता, पण हेल्मेटातून नुसता घूं घूं आवाज येत होता. नाक्यावरची पोरं धावत आली. सगळ्यात पुढे कावूकी, सेबुन्याचा लाडका चेला.

"बोलतोय बघा! आधी तोंड!" असं म्हणत त्यानं फुटलेल्या काचेतून बुटाची टाच आत घातली. पुन्हा घातली. हेल्मेटाखालून रक्त मातीत उतरलं, त्यात दात होते. मागून कुणीतरी जुना टायर लोळवत आणत होतं. रॉकेलसाठी लांब जावं लागलं नाही. चिमणीतलंच कुणीतरी त्याच्या छातीवर ओतलं.

मारताना पायांकडे कोण बघतो? मला मात्र गर्दीच्या पायांतून दोन बूट दिसले. एक काळा. एक हिरवा.

मी दाराचा पडदा फाडतच आत शिरले. "केयुने! सेबुन्याला मारतायत! आपला सेबुन्या! तुझ्या बोंबलण्यानं!"

केयुनेचा चेहरा राखेसारखा झाला. माईकमध्ये ओरडला, "थांबा! तो चोर नाही! सोडा त्याला, थांबा!"

बाजारात कुणीतरी हसलं. "आज केयुने जोरात आहे!" भोंग्यावरून जे येतं तो पिक्चर, हे न्येंडोत कुणाला माहीत नाही? चोर म्हटलं तेव्हा मात्र कुणाला पिक्चर आठवला नाही.

टायर पोचला. कावूकीनं तो सेबुन्याच्या डोक्यातून खाली सरकवायला घेतला, हेल्मेटाला अडकला, म्हणून लाथ मारून बसवला. काडेपेटी कुणाच्या तरी हातात आली.

केयुने माईक घेऊन पळत सुटला. वायर लांब होती, पण इतकी लांब नव्हती. दारातून चार पावलं बाहेर आला आणि वायरीनं त्याला बैलासारखं मागे खेचलं. त्याच्यामागून सगळी पोरं बाहेर सांडली, काय चाललंय ते बघायला, थेट गर्दीत, मोठ्यांच्या मांड्यांमधून वाट काढत. चिमुरडीनं हेल्मेट आणि दोन रंगांचे बूट बघितले. "हा तर आपला खांबावाला!" ती ओरडली, पण त्या गोंधळात पोरीचं कोण ऐकतो?

एक वीट सुटली. ती लागली कुणाच्या तरी पोराच्या खांद्याला. पोर किंचाळलं.

तेव्हा केयुनेनं डोळे मिटले. माईकमधून आला तो गोगलगायीचा आवाज. अगदी हळू.

"खाली बसा रे लेकरांनो. मी दिवा लावते."

पोरं खाली बसली. सवयच ती. रक्तात, काचेत, सेबुन्याच्या चहूबाजूंनी, हाताची घडी घालून उकिडवी. चिमुरडी तर त्याच्या मोडक्या गुडघ्याला चिकटून.

वर उगारलेल्या हातांना खाली मारायला जागा उरली नाही. विटा हातात होत्या आणि त्या विटांखाली ज्याची त्याची पोरं होती. नकाय्येमाचं मुसळ खांद्यावर अडकून राहिलं. तिनं खाली बघितलं, मग मुसळाकडे, आणि ते असं टाकलं जणू तापलेलं होतं. काडी पेटली होती. पेटवणाऱ्यानं ती बोटं भाजेपर्यंत धरून ठेवली आणि मग थुंकी लावून विझवली.

हेल्मेट काढायला मी आणि केयुने दोघं लागलो. आत चेहरा असा उरला नव्हता. एक डोळा बंद, जबडा एका बाजूला लोंबलेला. कावूकीनं बघितलं आणि जागच्या जागी ओकला.

"दादा..." एवढंच म्हणाला.

सेबुन्याचा उघडा डोळा केयुनेवर फिरला. तोंडातून रक्ताचे बुडबुडे आले, मग शब्द.

"मिळाला?"

"काय मिळाला?"

"दिवा. बगळ्याकडून."

केयुने तिथंच मातीत बसून रडायला लागला. "माहीत नाही, बाबा. पुढचं मी बघितलंच नाही."

सेबुन्या वाचला. एक डोळा गेला, गुडघा वाकत नाही, दात तर मोजायलाही उरले नाहीत. मारणाऱ्यांपैकी प्रत्येकानं दवाखान्यात काहीतरी नेलं: भाजलेली केळी, दूध, शेंगदाण्याची आमटी. चावता न येणाऱ्या माणसाकडे केळ्यांचा ढीग लागला. नकाय्येमा रोज यायची, रोज म्हणायची, "मी फक्त गुडघ्यावर मारलं होतं." कावूकी म्हणायचा, "मी तुम्ही शिकवलं तसंच केलं." सेबुन्या त्याच्याकडे एका डोळ्यानं बघत राहायचा. त्याला बोलता येत नव्हतं. कावूकीनं काम चोख केलं होतं.

मधल्या काळात शेंगदाण्याची पोती चोरताना एक जण बाजारात धरला गेला. सगळ्यांनी नाक्याकडे बघितलं. नाक्यावर हात वर करणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, सुटला. मग मागून कुणाचा तरी दगड आलाच. चुकला, कारण हात शिकलेला नव्हता, पण त्यामागून दुसरे आले. पोलीस वेळेवर पोचले म्हणून तो जिवंत आहे. मी उगाच कुणाच्या खात्यावर पुण्य मांडत नाही.

बगळ्याचा भाग आम्ही राखून ठेवला होता. सेबुन्या काठी टेकत आला त्या दिवशी लावला. दाराच्या पडद्याखालून एक काळा बूट आला, दुसऱ्या पायात साधी चप्पल. हिरव्या बुटाचं मी विचारलं नाही. हेल्मेट होतं, पण डोक्यावर नाही, मांडीवर. पोरांनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं आणि चेपलेली चिमणी पेटवून टीव्हीशेजारी ठेवली.

बगळ्यानं खिडकीत मान घातली. दिवा उचलला. केयुने घुटमळला.

"बगळ्यानं... दिवा जरा उसना नेला."

"खोटारड्या!" चिमुरडी बाकावर उभी राहिली. "चोरला त्यानं! सांग ना, चोरला!"

सगळी पोरं ओरडायला लागली. केयुनेनं सेबुन्याकडे बघितलं. सेबुन्यानं जबडा सावरत मान हलवली: पोरं म्हणतात ते खरं, सांग.

केयुने उठला, बाकावर चढला आणि आधी बाहेरच्या भोंग्याची वायर उपटली. मग माईक तोंडापासून लांब धरून, कानात सांगावं तसं म्हणाला,

"मुब्बी."

सेबुन्याचे दोन्ही हात हेल्मेटवर घट्ट आवळले. पण त्यानं ते डोक्यावर चढवलं नाही.