उरलेल्या बारा गोळ्या

दादाला थंडी वाजून ताप आला, तेव्हा त्याच्या बोटातलं रक्त मीच घेतलं. आमच्या दवाखान्यात बोट टोचणं, काच रंगवणं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणं हे माझं काम. सतरा वर्षं तेच करतेय. दादाच्या काचेवर मलेरियाचे जंतू दिसले, आणि तेही वाईट जातीचे, डोक्यात चढतात ते. जुन्या गोळ्यांना आमच्याकडे ते आता दाद देत नाहीत. म्हणून दोन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या देतात. एक औषध जंतूंना झटक्यात लोळवतं, दुसरं रक्तात रेंगाळत राहून उरलेसुरले टिपतं.

"चोवीस गोळ्या आहेत," मी म्हणाले. "एका वेळी चार. पहिल्या चार इथेच, माझ्यासमोर. पुढच्या आठ तासांनी. मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. उपाशीपोटी नको, दुधाबरोबर घे. तासाभरात उलटी झाली तर मला फोन कर. आणि बरं वाटलं तरी…"

"बरं वाटलं तरी संपवायच्या. तुझी ही टेप मला पाठ आहे गं."

दादा बांधकामावर क्रेन चालवतो. अंगाने दणकट, मनाने दिलदार. कुणाचं काही अडलं की सगळ्यात आधी धावणार, आणि आपण धावलो हे चार जणांच्या कानावर जाईल असंही बघणार. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळ्या घेतल्यावर त्याचा ताप गेला. दुपारी तो कामावर हजर. तिथला वेल्डर तोंड पाडून बसला होता. पत्र्याच्या खोलीत त्याची बायको दोन दिवस तापाने पडून होती. दादाने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, उरलेल्या बारा गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "दवाखान्यात कशाला रांग लावतोस? हे घे. एका दिवसात उभी राहील."

हे सगळं मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी दादाची काच पुन्हा बघायची होती. जंतू गेले की नाही, ते तेव्हा समजतं. मी फोन केला.

"येतोस ना?"

"वर क्रेनमध्ये बसलोय. ठणठणीत आहे मी."

"गोळ्या संपल्या?"

"संपल्या."

संपल्याच होत्या म्हणा. जो येत नाही त्याच्या घरी मीच जायचं, असा नियम. त्याचं घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, वहिनीला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती, आणि तो माझा भाऊ होता. रजिस्टरमध्ये मी 'कोर्स पूर्ण' लिहिलं आणि काचेचा रकाना मोकळा सोडला.

नवव्या दिवशी वेल्डरने बायकोला साइटच्या जीपमधून आणलं. डोळे अर्धवट उघडे, हाकेला ओ नाही. डॉक्टरीणबाईंनी लगेच इंजेक्शन सुरू केलं, मोठ्या इस्पितळाची गाडी मागवली. मी काच बघितली. जिकडे नजर जाईल तिकडे जंतूच.

"आधी काही औषध दिलं होतं?" मी विचारलं.

त्याने खिशातून रिकामं पाकीट काढलं. अर्धं, बारा गोळ्यांचं. "क्रेनवाल्या दादांनी दिलं होतं. मध्ये चार दिवस छान बरी होती हो. उठून स्वयंपाक केला, केस धुतले. मग पुन्हा…"

मी ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

आठवड्याने मी दादाकडे गेले, तेव्हा वेल्डर तिथेच बसला होता. दादाचे हात हातात घेऊन म्हणत होता, "तुमच्यामुळे तिला चार दिवस तरी सुखाचे मिळाले." दादाने डोळे पुसले. वहिनी चहा ठेवत म्हणाली, "ह्यांचा स्वभावच असा, स्वतःच्या तोंडचं काढून देतील."

मला राहवलं नाही. "त्या बारा गोळ्यांनी तिचा ताप दबला, आजार नाही. ताप दबला म्हणून तुम्ही तिला आणलं नाही. पहिल्याच दिवशी आणली असती, तपासून पूर्ण चोवीस मिळाल्या असत्या, तर बहुतेक…"

"तुझ्या तोंडाला काही आवर?" वहिनी म्हणाली.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "चौथ्या दिवशी बघायला यायचं काम कुणाचं होतं गं?"



वेल्डर माझ्याकडेच बघत होता. रागाने नव्हे, दमल्यासारखा. "ताई, एका माणसाने आमच्यासाठी काहीतरी केलं, एवढंच माझ्याकडे उरलंय. ते पण काढून घेता?"

मी चहा न घेता उठले.

नंतर दादाचाही ताप उलटला. माझ्याकडे आला नाही, परस्पर मोठ्या इस्पितळात गेला. तिथे वेगळं औषध, सात दिवस, नर्ससमोर गिळायचं. बरा झाला. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, रजिस्टरमधली नोंद खोडून खरी लिहिली आणि खाली सही केली. मला लेखी ताकीद मिळाली. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते साइटवर गोष्ट कशी पोचली त्याचं. दादाने कुणाला काय सांगितलं देव जाणे, पण तिकडे बोलणं असं झालं, की ही बाई दवाखान्याची चूक सख्ख्या भावावर ढकलते.

आता साइटवरचं कुणी माझ्याकडे बोट पुढे करत नाही. ताप आला की दुकानातून दोन-चार सुट्या गोळ्या आणतात, नाहीतर कुणाच्या तरी उरलेल्या घेतात. गेल्या सोमवारी मी सुया, काचा आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन स्वतःच गेले. चौकीदाराने फाटकाशी अडवलं. आत फोन केला, ऐकून घेतलं, आणि नजर चुकवत मला म्हणाला, "इथे कुणाला ताप नाही म्हणतात, ताई."

त्याच्या मागे, सिमेंटच्या पोत्यांना टेकून एक माणूस भर उन्हात कांबळं पांघरून कुडकुडत बसला होता.