गार्नेटने परत आणलेला साचा

हसू नका, बोलतोय तो मीच! बोटभर उंचीचा, मधोमध आरपार भोक असलेला पोलादी साचा. एल्विन बरिज मला 'म्हाताऱ्या' म्हणायचा, तेही लाडानं.

टास्मानियाच्या डोंगराळ भागात, एल्विनच्या घरामागच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. त्याच्याकडे आजोबांची जुनी जर्मन रायफल होती. तिची नळी आजच्या गोळ्यांना किंचित अरुंद, आणि तिच्या मापाच्या गोळ्या कुठल्याच दुकानात मिळेनात. कागद गिरणीत उभा जन्म लेथवर काढलेला माणूस गप्प बसतोय होय? ट्रकचा मोडका ॲक्सल कापून त्यानं मला घडवलं. बाजारातली तांब्याच्या कवचाची गोळी घ्यायची, तिला मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी चोपडायची आणि दाबून माझ्यातून काढायची, की ती बारीक होऊन निघे. तांबं मोठं लबाड. दाबलं तरी थोडं परत फुगतंच. म्हणून एल्विननं मला मापापेक्षा केसभर तंग ठेवलं होतं. त्या केसभर फरकातच माझी सगळी अब्रू होती.

"बायकोला कधी लोणी लावलं नाहीस, गोळ्यांना मात्र चरबी!" त्याची बायको मर्ल दारातून टोमणा मारायची. एल्विन खुदकन हसायचा आणि पुढची गोळी घ्यायचा. काय सुखाचे दिवस होते ते!

हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता. शेजारचा गार्नेट होड आला. एल्विनचा लहानपणापासूनचा जिगरी दोस्त. त्याच्याकडेही तसलीच रायफल होती, पण नळी झिजून जरा रुंद झालेली.

"तुझा म्हातारा दे की दोन दिवस."

"ने की लेका, विचारतोस काय!"

माझ्यातून काढलेल्या गोळ्या गार्नेटच्या नळीत सैल पडल्या, नेम चुकायला लागला. एल्विनला एका शब्दानं सांगितलं असतं, तर त्यानं हसत हसत दुसरा साचा करून दिला असता. पण नाही! या शहाण्यानं काठीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि मला आतून घासलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. ऐकतंय कोण?

मला परत आणताना त्यानं सोबत फळांचा केक आणला. सवयीनं एल्विननं केसभर फरक मोजणारा मायक्रोमीटर उचलला.

"मोजतोस?" गार्नेट म्हणाला. "मी आणलाय ना?"

एल्विन चक्क ओशाळला. आमच्याकडे दोस्तानं परत केलेली वस्तू त्याच्यासमोर तपासणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. त्यानं मायक्रोमीटर डबीत ठेवला आणि चहाचं आधण टाकायला गेला.

त्या रात्री त्यानं माझ्यातून गोळ्या काढल्या आणि पावडर मोजून काडतुसं भरली; माझं भोक रुंदावलेलं, गोळ्या केसभर जाडच राहिल्या. हंगामाच्या पहिल्याच सकाळी एल्विननं चाप ओढला. जाड गोळी अरुंद नळीत कोंडली आणि जळता धूर मागच्या बाजूनं त्याच्या तोंडावर आला. मर्लनं गाडी हाणत त्याला दवाखान्यात नेलं. डोळा वाचला, देवाची कृपा.

गार्नेट भेटायला आला. त्याला सगळं माहीत होतं, बरं का!

"वय झालं रे आपलं," तो म्हणाला. "पावडर मोजताना हात थरथरला असेल तुझा."

आणि एल्विनला ते पटलं! उरलेल्या गोळ्या गार्नेटनंच 'आवरून' नेल्या. मर्ल परोपरीनं सांगत होती, "तुझा हात आजवर कधी चुकलाय का?" पण तो ऐकेना. रायफल त्यानं पोलिसांकडे मोडीत काढायला दिली, लेथवर चादर टाकली. चहासुद्धा आता मर्लच ओतते, कप तो दोन्ही हातांनी धरतो.

शेवटी मला गार्नेटच्या हातात ठेवत तो म्हणाला, "तूच ठेव. माझ्या हातांचा आता भरवसा नाही."

गार्नेटचे कान लाल झाले. तोंड उघडेल, आता तरी उघडेल, असं मला वाटलं. त्यानं मला खिशात टाकलं.

आता मी त्याच्या टेबलावर असतो. गोळ्या मापात निघतात, तो शीळ घालतो. आजही माझ्या आतल्या भिंतीवर त्याच्या पॉलिश पेपरचे ओरखडे आहेत, आणि त्याच्या हाताचा मला मनापासून वीट आलाय.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच, तर एक उपकार करा. बरिजांच्या घरी जा. तो व्हरांड्यात बसलेला असेल, हात मांडीखाली दाबून. त्याला माझा एवढाच निरोप द्या: एल्विन, तुझा हात थरथरला नव्हता.